साळिंदरं जिंकतात तेव्हा अर्लीन कुठे असते

"तळघरात जाणार नाही असं मी म्हटलेलंच नाही," अर्लीन म्हणाली. "मी एवढंच विचारलं, की या शनिवारी दुसरं कुणी गेलं तर नाही का चालणार?"

"दुसरं कुणी म्हणजे कोण?" लेलँडने डाव खिम्याच्या चिलीत आपटला. दोन शिंतोडे टेबलक्लॉथवर उडाले. "ड्वेन जाणार? त्याचा काय संबंध? टॉवेल तू वाळवत होतीस. ड्वेनने जन्मात कधी टॉवेल वाळवलाय?"

"वापरलेत मात्र भरपूर," ड्वेन म्हणाला. हा लेलँडचा धाकटा भाऊ. बायको सोडून गेल्यापासून तो दर गुरुवारी जेवायला यायचा आणि बहुतेक शुक्रवारीही. दालचिनीचा रोल चिलीत बुडवून तो पुढे म्हणाला, "आणि मी तळघरात गेलो तर तिकडे तुझ्या जागेवर कोण बसणार, अर्लीन?"

"मी."

लेलँडचा डाव हवेत थांबला आणि ड्वेनचा रोल तोंडाशीच अडला. कुणी मेल्याची बातमी आली असती तरी दोघं एवढे दचकले नसते.

"भांडण नक्की कशावरून आहे?" टेबलाच्या टोकाकडून ओपलने विचारलं. ही लेलँडची आई, नव्वदीला टेकलेली. तिचे कान तिच्या मर्जीने चालत. "टॉवेलवरून की फुटबॉलवरून?"

"दोन्ही एकच आहे, आई," लेलँड म्हणाला.

आणि यंदाच्या हंगामात हॅनली गावापुरतं ते खरंही होतं.

हॅनली हे आयोवातलं गाव. चहूकडे मक्याची शेतं आणि मधोमध कॉलेज. कॉलेजच्या फुटबॉल टीमचं नाव 'साळिंदरं'. फुटबॉल म्हणजे अमेरिकेतला, चेंडू हातात घेऊन पळायचा, चार क्वार्टरचा. कुणा संस्थापकाने ते मोठ्या हौसेने ठेवलं होतं, की अंगाला हात लावाल तर रक्त काढू. पण अर्लीनला आठवत होतं तेव्हापासून येणारी प्रत्येक टीम या साळिंदरांना उशीसारखी बडवून जात होती. घरचे सामने हरायची आणि परगावचेही. एका वर्षी तर प्रतिस्पर्ध्यांची बस बर्फात अडकून सामनाच झाला नाही, तेव्हा गावकऱ्यांनी "या आठवड्यात हरलो नाही" म्हणून दुकानांवर झेंडे लावले होते.

अर्लीनचे वडील एमिल कुबिचेक पोस्टमन होते. स्टेडियम बांधलं तेव्हा त्यांनी पूर्वेकडच्या बाकांवर शेजारशेजारच्या दोन जागा घेतल्या, कायमच्या. एक स्वतःला, एक बायकोला. बायको एकदाच आली, गारठली आणि म्हणाली, "हे बघायला मी लग्न केलेलं नाही." तेव्हापासून ती जागा अर्लीनची. पाय जमिनीला टेकत नव्हते तेव्हापासून ती तिथे बसत होती. बापाच्या थर्मासमधला कोको प्यायची, बापाच्या कोटात डोकं खुपसायची आणि मधूनच डोकं बाहेर काढून विचारायची, "हरलो का?" बाप म्हणायचा, "अजून नाही. थांब जरा."

बाप गेला. जागा अर्लीनच्या नावावर आल्या. बापाच्या जागेवर लेलँड बसायला लागला. लेलँड धान्याच्या कोठारावर वजनकाट्याला होता. तसा थंड माणूस, पण साळिंदरांच्या बाबतीत त्याचं डोकं ठिकाणावर नसायचं. पाऊस असो, गारा असो, दोघं प्लॅस्टिकचे झगे घालून बसत. शेवटी शेवटी मैदानात प्रेक्षकांपेक्षा बँडवाले जास्त असत. ड्वेनला एकदा विचारलं होतं येतोस का, तर म्हणाला होता, "मयताला मी फक्त नातेवाइकांच्याच जातो."

अर्लीन मात्र जायची. त्यात फार मोठा उत्साह होता असं नाही. तिचा स्वभावच तसा. दंतवैद्याच्या दवाखान्यात ती पुढच्या टेबलावर बसे, लोकांना वेळा देई. कुणी म्हणालं सोमवार नको, मंगळवार हवा, की ती म्हणे "चालेल." चर्चच्या जेवणाला सगळ्यांनी बटाट्याचंच आणलं तर ती म्हणे "चालेल." प्लॅस्टिकच्या पिशव्या धुऊन नळावर वाळत घालायची आणि जेवण झाल्यावर केकचा शेवटचा तुकडा कोण उचलतंय म्हणून सगळे एकमेकांकडे बघत बसले, की तो झाकून ठेवायची. अशी बाई हरणाऱ्या टीमलाही सोडत नाही. सुरू केलेली गोष्ट अर्धी टाकायची नाही, एवढंच तिला ठाऊक.

मग यंदाचा सप्टेंबर उजाडला.

पहिला सामना परगावी होता. स्वयंपाकघरात रेडिओ लावून लेलँड डोकं धरून बसला होता. साळिंदरं रीतीप्रमाणे मागे होती. शेवटचा क्वार्टर सुरू झाला तेव्हा अर्लीनला आठवलं, की खाली ओले टॉवेल तसेच पडलेत, कुबट वास येईल. ती तळघरात गेली. टॉवेल ड्रायरमध्ये घातले, बटण दाबलं, तेवढ्यात वरून लेलँडची अशी किंकाळी आली की तिला वाटलं, पडला बहुतेक. ती धावत वर आली. टचडाउन झाला होता, साळिंदरांनी चेंडू शेवटच्या रेषेपार नेला होता. दोघं नाचले. नाचत असतानाच पलीकडच्यांनीही टचडाउन केला.

लेलँड नाचायचा थांबला. बायकोकडे बघून तो सहज म्हणाला, "तू जरा परत खाली जा बघू."

ती हसत खाली गेली. साळिंदरं जिंकली.

दुसरा सामना घरच्या मैदानावर. नवराबायको नेहमीच्या जागी. तिसरा क्वार्टर संपला, साळिंदरं मागेच. लेलँडने मान वळवून अर्लीनकडे पाहिलं, मग मैदानाकडे, मग पुन्हा अर्लीनकडे.

"घरी काही वाळवायचं राहिलंय का गं?" त्याने विचारलं.

अर्लीन हसली. लेलँड हसत नव्हता. घर स्टेडियमपासून तीन गल्ल्यांवर. ती उठली, चालत घरी गेली, कोरडे टॉवेल पुन्हा भिजवले, पिळले, ड्रायरमध्ये टाकले आणि बसून राहिली. थोड्या वेळाने खिडकीच्या काचा थरथरल्या. एवढा आरडाओरडा हॅनलीने युद्ध संपल्यानंतर केला नव्हता.

झालं. तिथून अर्लीनचं नशीब फिरलं, म्हणजे गावाचं उजळलं आणि तिचं तळघरात गेलं. दर शनिवारी चौथ्या क्वार्टरला अर्लीन खाली, तेच टॉवेल मशीनमध्ये, आणि साळिंदरं विजयी. पुढे पुढे तर मधेच उठून जाण्यात धोका नको म्हणून लेलँडने तिला घरीच ठेवायला सुरुवात केली. जागा रिकामी दिसायला नको, म्हणून तिच्यावर ड्वेन बसू लागला. मयताला न येणारा ड्वेन वरातीला मात्र सगळ्यांच्या पुढे. बसायला त्याने अर्लीनची उशीसुद्धा नेली.

गावात पसरायला वेळ लागला नाही. दवाखान्यात डॉक्टर पेशंटच्या तोंडातलं यंत्र थांबवून विचारी, "अर्लीन, शनिवारी खालीच ना?" आणि पेशंट तोंडात कापूस असतानाही मान डोलावी. पाद्रीसाहेबांनी चर्चच्या दारात हात हातात घेऊन सांगितलं, की असल्या गोष्टींवर चर्चचा अजिबात विश्वास नाही, पण ऑक्टोबर संपेपर्यंत तिने बदल करू नये. कुणी बाई भोपळ्याची गोड पाय-पेस्ट्री भाजून मागच्या दाराशी ठेवून गेली. वर चिठ्ठी, 'तळघरासाठी'. लेलँडने खाली आरामखुर्ची नेली, पायाशी हीटर ठेवला, गालिच्याचा तुकडा अंथरला. भिंतीवर फोन बसवला. तिसरा क्वार्टर संपला की तो स्टेडियमच्या पायऱ्यांखालच्या सार्वजनिक फोनवरून विचारायचा, "मशीन चालू आहे ना?" फक्त रेडिओ नाही. कारण पहिल्या दिवशी तिला स्कोअर माहीत नव्हता, आणि त्या दिवशी जे जसं होतं ते तसंच राहायला हवं होतं.

टॉवेल बिचारे धुऊन धुऊन आणि वाळवून वाळवून जाळीदार झाले. अंग पुसायला घेतलं तर पलीकडचं दिसावं.

आता शेवटचा सामना उरला होता. घरच्या मैदानावर, हॅमर्स्ली कॉलेजशी. दोन्ही कॉलेजांमध्ये एक जुनं लाकडी पिंप फिरत असे, लोणी काढायचं. जिंकणाऱ्याने ते घेऊन जायचं. हॅनलीच्या पोराटोरांनी ते पिंप फक्त फोटोत पाहिलं होतं. शनिवारी जिंकलं तर पिंपही मिळणार होतं आणि गटातला पहिला नंबरही.

"लेलँड," अर्लीन म्हणाली. ती टेबलक्लॉथवरचे शिंतोडे ओल्या फडक्याने पुसत होती आणि वर बघत नव्हती. "मी त्यांना हरताना बघितलंय. गारांत बघितलंय, तापात बघितलंय, आपली मार्नी पोटात होती, आठवा महिना होता तेव्हा बघितलंय. जिंकताना मी फक्त टॉवेल बघितलेत. मला एकदा जिंकताना बघायचंय."

"पण तू आलीस तर ते जिंकणारच नाहीत!" लेलँड कळवळून म्हणाला. "मग बघणार काय?"

वेड्याचं म्हणणंसुद्धा कधी कधी असं चारी बाजूंनी बंद असतं, की आत शिरायला फट सापडत नाही.

"मी तुला सगळं सांगेन ना," ड्वेनने समजूत घातली. "एकूण एक खेळी. सोमवारी येऊन सांगेन."

"सोमवारीसुद्धा जेवायला येणार का तू?" ओपलने विचारलं. हे तिला बरोबर ऐकू आलं होतं.

अर्लीनने फडकं पिळलं, नळावर टाकलं.

"चालेल," ती म्हणाली.

लेलँडचा जीव भांड्यात पडला. ड्वेनने आणखी एक रोल घेतला. ओपलने तेवढा चमचा खाली ठेवला. "हे तुझं चालेल," ती सुनेला म्हणाली, "मला आता चालेनासं झालंय."

शनिवारी सकाळपासून गाव लाल झालं होतं. लाल टोप्या, लाल मोजे, चर्चच्या घंटेला लाल रिबीन. लेलँडने पहिल्या सामन्यापासून न धुतलेला स्वेटर घातला. तो आता हँगरशिवाय उभा राहिला असता. निघताना त्याने अर्लीनच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. लढाईवर ती चालली होती असं वाटावं.

"तिसरा संपला की फोन करतो," तो म्हणाला.

"मी कुठे जातेय?" अर्लीन म्हणाली.

घरात दोघी उरल्या. ओपल स्वयंपाकघरात खिडकीशी बसली, रेडिओ अगदी कानाला लावून. अर्लीनने चादरींच्या घड्या घातल्या, चमच्यांचा खण आवरला. एकदा आवरला, मग पुन्हा काढून आवरला. अधूनमधून स्टेडियमचा आवाज यायचा, मोठं जनावर कूस बदलतंय तसा.

"विचारू नकोस," ओपल म्हणाली.

"मी विचारलं कुठे?"

"विचारलं नाहीस म्हणूनच सांगितलं."

वेळ झाली तशी अर्लीन खाली गेली. जाळीदार टॉवेल भिजवले, पिळले, ड्रायरमध्ये टाकले. मशीन घरघरायला लागलं. ती आरामखुर्चीत बसली आणि समोरच्या गोल काचेतून टॉवेल गरगर फिरताना बघत राहिली. फोन वाजला.

"चालू आहे ना?" लेलँडला धाप लागली होती. मागे बँडचा आणि हजारो पायांचा दणदणाट.

"चालू आहे."

"अगं, काय दृश्य आहे इथे, अर्लीन! ऊन पडलंय एकदम. सगळं स्टेडियम उभं आहे. आपल्या मागे बसणारी फिलिस रडतेय. पलीकडच्या बाकांवर म्हातारी माणसं एकमेकांचे हात धरून उभी आहेत. असं मी जन्मात बघितलं नाही. आज तू इथे असतीस ना, तर—" तो थांबला. त्याला बहुधा स्वतःचंच बोलणं ऐकू गेलं. "छे छे. तू नाहीस तेच बरं आहे."

फोन ठेवला गेला.

अर्लीनने रिसीव्हर जागेवर ठेवला आणि ती पायऱ्या चढून वर आली. दाराशी अडकवलेला कोट काढला, अंगात घातला.

"कुठे?" ओपलने विचारलं.

"बाहेर."

"आणि मशीन?"

"चालू आहे. त्याला माझी काही गरज दिसत नाही."

ओपलने तिच्या पायांकडे बघितलं. "सपाता आहेत तुझ्या पायात. बूट घाल."

"लेस बांधायला वेळ नाही, आई."

"नाहीच आहे," ओपल म्हणाली आणि रेडिओ पुन्हा कानाला लावला. "तीन गुणांनी पुढे आहोत. पळ."

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दुकानांना कुलपं, पेट्रोलपंपावर 'सामना संपल्यावर या' अशी पाटी. लाल गंजीफ्रॉक घातलेला एक कुत्रा तेवढा चौकात बसून होता. त्यानेही अर्लीनकडे संशयाने बघितलं. निळ्या लोकरी सपातांत बर्फाचं पाणी शिरत होतं. ती अर्धवट चालत, अर्धवट धावत स्टेडियमच्या दाराशी पोचली.

चौथ्या क्वार्टरला दार उघडं टाकायची जुनी पद्धत. हरणाऱ्या टीमचा शेवटचा भाग बघायला कुणी फुकट आलंच तर येऊ द्यावं, असा मूळ हिशेब. दाराशी म्हातारा मर्ल लाल टोपी घालून उभा होता. अर्लीनला बघताच त्याने दोन्ही हात पसरले.

"नको, अर्लीन. पाया पडतो तुझ्या."

"मर्ल, दार उघडं आहे."

"सगळ्यांना उघडं आहे. तुला नाही."

"मंगळवारी तुझी दाढ आहे ना, खालची? रूट कॅनल?" अर्लीन म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. फोनवर बोलायची तसंच ती बोलली. "तुझी वेळ मी पुढे ढकलू शकते. पार ईस्टरपर्यंत."

मर्लने गाल चाचपला आणि बाजूला झाला.

ती बोगद्यातून बाकांकडे बाहेर आली आणि क्षणभर तिला काही दिसेचना. सगळीकडे नुसतं ऊन आणि लाल. मग खालच्या ओळीतल्या कुणीतरी तिला बघितलं. त्याने शेजाऱ्याला कोपर मारलं. शेजाऱ्याने त्याच्या पुढच्याला. बातमी ओळीओळीने वर चढत गेली, आणि जिथे जिथे पोचली तिथला आरडाओरडा बंद पडत गेला.

"मशीन बिघडलं का?" एकाने विचारलं.

"माझ्याकडे आहे ड्रायर, माझ्याकडे जा! किल्ली देऊ का?" दुसरा म्हणाला.

अर्लीन "माफ करा, जरा पाय घ्या" म्हणत वर चढत राहिली. तिच्या जागेच्या बरोबर मागे फिलिस बसत असे. वर्षानुवर्षं दोघींनी एकाच ब्लँकेटमध्ये पाय घातले होते. फिलिसने तिचा हात घट्ट धरला.

"अर्लीन, तू मला सख्ख्या बहिणीसारखी आहेस," ती म्हणाली. "पण घरी जा."

"बहिणीला असं म्हणतात?"

"माझ्या बहिणीला तर मी आत येऊच दिलं नसतं."

ड्वेन तिच्या उशीवर बसला होता. मांडीवर शेंगा. त्याच्या पलीकडे लेलँड. लेलँडने बायकोला बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"तू," तो म्हणाला. "टॉवेल..."

"वाळतायत. ड्वेन, सरक."

"अगं, चार-पाच मिनिटं राहिलीत!"

"म्हणूनच. सरक."

आता ड्वेन हा काही हलणारा माणूस नव्हता. पण अर्लीनच्या तोंडून असा एकशब्दी हुकूम त्याने कधी ऐकला नव्हता, आणि घाबरलेला माणूस आधी हलतो, मग विचार करतो. तो शेंगांसकट पायऱ्यांवर जाऊन बसला. अर्लीन आपल्या जागी बसली. उशी गरम होती, त्याचाही तिला राग आला.

आणि तेवढ्यात हॅमर्स्लीच्या एका लुकड्या पोराने चेंडू घेतला, कडेकडेने पळाला आणि कुणाच्या हाती न लागता थेट रेषेपार गेला.

साळिंदरं मागे पडली.

मैदानाकडे कुणी बघत नव्हतं. अख्ख्या पूर्व बाजूने मान वळवून अर्लीनकडे बघितलं. माणसांनी, बायकांनी, बापाच्या खांद्यावरच्या पोरांनी. गावात कुणाला पांढऱ्या पायाची ठरवायचं तर वेळ लागतो, चर्चा होते. इथे एका मिनिटात निकाल लागला होता, आणि पाय निळ्या सपातांत होते म्हणून तेही सगळ्यांना स्पष्ट दिसत होते.

"बघ," पायऱ्यांवरून ड्वेन म्हणाला. "बघ. बघ!"

लेलँडने दोन्ही हात त्या स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतले होते, थंडीत पोरं घेतात तसे. अर्लीनच्या मनात आलं, काय केलं आपण? एवढ्या माणसांचं एकदाचं सुख, आणि आपल्याला तळघरात बसवलं तेवढ्यासाठी आपण ते घालवलं. ती अर्धी उठली. तळघर तीन गल्ल्यांवर होतं. पळत गेली तर कदाचित...

"बस खाली," लेलँड दातओठ खात म्हणाला. "आता उठलीस तर आणखी काय होईल देव जाणे."

ती बसली.

खाली साळिंदरांनी चेंडू हातात घेतला होता. थोडं पुढे गेले, अडले, पुन्हा थोडं पुढे गेले. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा पोरगा, जवळच्याच डुकरांच्या शेतावरचा होता, कानाने मोठा. घड्याळात शेवटचे काही सेकंद उरले तेव्हा त्याने मागे सरकून चेंडू उंच फेकला. ज्याच्यासाठी फेकला त्याच्या बोटांवर तो आपटला, उसळला, एका हॅमर्स्लीवाल्याच्या डोक्यावर पडला, पुन्हा उसळला आणि खाली आला तो थेट साळिंदरांच्या एका अगडबंब गड्याच्या पोटावर. या गड्याचं काम समोरच्याला अडवायचं. चेंडूला हात लावायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. त्याने दचकून तो पोटाशी धरला, तापलेलं भांडं धरावं तसा, आणि आजूबाजूला बघितलं, आता हे द्यायचं कुणाला? कुणीतरी त्याला मागून ढकललं. तो पळाला. म्हणजे पडू लागला आणि पडता पडता पुढे जात राहिला, आणि शेवटी पडला तो रेषेच्या पलीकडे.

अर्लीनने हे सगळं बघितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, पापणी न मिटता. बाकीचे ओरडत होते, एकमेकांच्या अंगावर चढत होते, फिलिसने ब्लँकेट हवेत फेकून दिलं. अर्लीन तोंड उघडं ठेवून तशीच बसली होती. ओरडायचं तिला सुचलं नाही. हरल्यावर काय करायचं ते तिला पाठ होतं. थर्मास बंद करायचा, झगा झटकायचा, खालच्या दाराने मुकाट्याने घरी निघायचं. जिंकल्यावर काय करतात ते कुणी शिकवलंच नव्हतं.

मग लेलँडने तिला उचललं. खरंच उचललं, एक सपात खाली तिसऱ्या ओळीत जाऊन पडली. तो रडत होता आणि त्याच्या स्वेटरला भयंकर वास येत होता. "बघितलंस?" तो विचारत होता. "बघितलंस ना?"

"बघितलं," अर्लीन म्हणाली. "सोड आता. बरगडी मोडेल."

खाली पोरांनी लोण्याचं पिंप डोक्यावर घेतलं होतं. उलटं घेतलं होतं, पण सांगणार कोण?

एवढ्यावर थांबली तर ती हॅनलीची माणसं कसली? लोक जिना उतरेपर्यंत नवा सिद्धांत तयार झाला होता. सपात परत आणून देणाऱ्या माणसाने ती दोन्ही हातांवर ठेवून आणली. "याच होत्या," तो मागच्यांना सांगत होता. फिलिस म्हणाली, तिला आधीपासूनच कळलं होतं, तळघराची ताकद संपत आली होती, बदल हवाच होता. कुणी म्हणालं, सपाता नव्हेत, ड्वेनला उठवलं ते महत्त्वाचं. कुणी म्हणालं, ती बसली म्हणून नव्हे, ती अर्धी उठून पुन्हा बसली म्हणून झालं. मर्ल दाराशी ज्याला त्याला गाल दाखवून सांगत होता, की आपण वेळीच बाजूला झालो नसतो तर आज काय झालं असतं.

रविवारी चर्चहून आल्यावर जेवताना रेडिओवर बातमी आली. साळिंदरांना टेक्ससमधल्या डिसेंबरच्या मोठ्या सामन्याचं निमंत्रण आलं होतं. गावातून बस जाणार होत्या. कायमच्या जागा असलेल्यांना तिकडेही तेवढीच तिकिटं मिळणार होती.

लेलँडने ताट बाजूला सारलं आणि पेन्सिलने कागदी रुमालावर चौकोन काढायला सुरुवात केली.

"हे स्टेडियम," तो म्हणाला. "हे दार. अर्लीन, तू आमच्याबरोबर बसने यायचं."

"बघ, येणार आहेस तू!" ड्वेन म्हणाला. आपणच नेत असल्यासारखा.

"तीन क्वार्टर तू इथे दाराबाहेर बसायचं. आरामखुर्ची मी बसच्या टपावर बांधून नेतो. हीटर नको, टेक्ससला ऊन असतं. चौथा सुरू झाला की सपाता घालून आत यायचं, ड्वेनला म्हणायचं सरक, बसायचं, अर्धं उठायचं, मी बस म्हणेन, मग बसायचं. पाद्रीसाहेबांना विचारलंय मी. ते म्हणाले, चर्चचा विश्वास नाही, पण क्रम चुकू देऊ नका."

"मी आधीपासून तुझ्या जागेवर बसून राहीन," ड्वेन म्हणाला. "ती जबाबदारी माझी."

"चार पैशांची अक्कल नाही एकालाही," ओपल बटाट्यांना उद्देशून म्हणाली.

दोघा भावांनी अर्लीनकडे बघितलं. तिच्या तोंडून जो शब्द यायचा तो ऐकायला ते थांबले होते. लेलँडने तर पुढचा चौकोन काढायलाही घेतला होता.

अर्लीनने ग्रेव्हीचं भांडं खाली ठेवलं.

"तिकिटं दोन येणार, आणि ती माझ्या नावावर," ती म्हणाली. "एकावर मी बसणार, पहिल्या मिनिटापासून. हरले तर हरले. दुसऱ्यावर कोण, ते तुम्ही दोघं भाऊ ठरवा."